न वाचता केलेल्या सह्या

आमच्या ऑफिसात फायली संपतात, किस्से संपत नाहीत. प्रकरण मिटलं की आमचा कारकून नागराज फाईल दोरीनं बांधून कपाटावर फेकतो. पण तिच्यातलं एखादं वाक्य हटकून माझ्याबरोबर घरी येतं. सार ढवळताना ते आठवतं आणि माझं डोकं परत तापतं! नवरा म्हणतो, "तुझं बीपी गोळ्यांनी उतरायचं नाही. एकदा चार माणसांना सांगून मोकळी हो."

घ्या तर मग.

मी वकील. चार पिढ्या म्हैसूरच्या, घरी मराठी, बाहेर कन्नड, कोर्टात इंग्रजी आणि रागावले की तिन्ही. ऑफिस लष्कर मोहल्ल्यात, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या माडीवर. खाली मशिनं खडखडतात, वर माणसं. आमच्याकडे खून-मारामाऱ्या येत नाहीत. कुणी नाव विकतो, कुणी डिझाइन, कुणी लिहिलेलं पुस्तक. त्याचे करार करतात आणि मग त्यावरून एकमेकांच्या उरावर बसतात. ते भांडण कोर्टाची पायरी चढण्याआधी मिटवायचं, हा आमचा धंदा. इंटलेक्चुअल प्रॉपर्टी म्हणतात त्याला. नागराज विचारतो, "मॅडम, प्रॉपर्टी दिसते. इंटलेक्ट कुठं असतं?"

भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे, तीन भाषांत: "वाचल्याशिवाय सही करू नका."

ती पाटीसुद्धा कुणी वाचत नाही!

*

अडाणी माणसं न वाचता सह्या करतात असं तुम्हाला वाटत असेल, तर आमचे प्रोफेसर ऐका.

इंग्रजीचे निवृत्त प्रोफेसर, आमच्याच म्हैसूरच्या मराठी मंडळींपैकी. मुलांसाठी व्याकरणाचं पुस्तक लिहिलं, चांगलं खपलं. मग एक दिवस प्रकाशकाची नोटीस आली: तुमच्या शिकवणीत या पुस्तकातले धडे वापरू नका, हक्क आमचे आहेत. स्वतःचे धडे! स्वतःच्या शिकवणीत!

मी करार मागितला. उघडते तर पानंच्या पानं लाल शाईनं भरलेली. स्वल्पविराम सुधारलेले, समासात "वाक्यरचना ढिसाळ" असा शेरा, आणि शेवटी झोकदार सही.

"सर, हे कलम वाचलंत? सगळे हक्क, कायमचे, प्रकाशकाला!"

"वाचलं की. त्यात एका नामाआधी 'द' राहिला होता. मी घातला."

"अहो, घर विकलंत तुम्ही! आणि खरेदीखताचं शुद्धलेखन तपासत बसलात?"

प्रोफेसरांनी चष्मा पुसला आणि अगदी मनापासून म्हणाले, "पण मार्जिन फारच कमी सोडलं होतं हो त्यांनी."

*

देवराज मोहल्ल्यातल्या दोन भावांचं प्रकरण याहून वाईट. वडिलांची उदबत्ती दोघं मिळून चालवत होते. पाकिटावर आईचं चित्र, नऊवारीतलं, तरुणपणीचं, हात जोडलेलं. भागीदारी मोडली. गोदाम वाटलं, गिऱ्हाइकं वाटली. आई काही वाटता येईना. म्हणजे पाकिटावरची! खरी आई दोघांनाही नको होती, ती आळीपाळीनं इकडून तिकडे जायची.

दोघांनी वकील आणले. तावातावानं भांडले. एक म्हणाला, आईचं चित्र म्हणजे आमच्या ब्रँडचा आत्मा. दुसरा म्हणाला, तो आत्मा करारात मला मिळालाय. मी विचारलं, "चेहरा कुणाचा?"

"आमच्या आईचा!" दोघं एकदम.

"तिला विचारलंत?"

दोघं आपापल्या वकिलाकडे बघायला लागले. म्हातारी बाहेर बाकावर बसली होती, एका मुलानं साक्षीदार म्हणून आणलेली. नागराज तिला हाताला धरून आत घेऊन आला. मी तिच्यासमोर पाकीट ठेवलं.

तिनं पाकीट लांब धरून बघितलं. "ही मी न्हवं. ही तुमची काकू. तुमचे आप्पा म्हणाले, तू काळी, पाकिटावर बरी दिसणार न्हाईस."

मीच ओरडले, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही हो?"

"विचारलं कुणी?" म्हातारी म्हणाली आणि परत बाहेर जाऊन बसली.

*

आता पांडुमास्तरांचं सांगते. हे प्रकरण माझ्या जिवाला लागलेलं आहे.

म्हैसूरला कुणाचा सत्कार करायचा म्हणजे खांद्यावर शाल, हातात फळांची करंडी आणि डोक्यावर पेटा. जरीकाठी रेशमाची बांधलेली पगडी ती. पांडुमास्तर आमच्याच गल्लीतले शिंपी, विठ्ठलाचे भक्त, आणि पेटा बांधावा तर त्यांनीच. उजव्या कानावर उभा राहणारा तीन पदरांचा तुरा आणि आत एक गाठ, कितीही मान हलवा, सुटायची नाही. दोन्ही त्यांनी स्वतः बसवलेली. प्रत्येक पेटा ज्याचा त्याच्या डोक्यावर बांधायचा.

माणूस गरीब बिरीब मुळीच समजू नका. जमदग्नी! गिऱ्हाइकानं आरशात बघून नाक मुरडलं की पेटा उतरवून घ्यायचे आणि म्हणायचे, "जा, टोपी घ्या."

वर्षाचा एक पेटा मात्र नेमाचा. आमच्या विठ्ठल मंदिरात उत्सवाच्या दिवशी देवाला पेटा बांधायचा, तो त्यांच्या घराण्याचा मान. आज्जापासून चालत आलेला.

तर बेंगळुरूच्या एका कंपनीला पेट्याचा धंदा करायचा होता. डबाबंद पेटा, डोक्यावर ठेवा आणि चला. त्यांना तो तुरा आणि ती गाठ हवी होती. त्यांनी काय केलं? मास्तरांचा सत्कार ठेवला!

जन्मभर या माणसानं दुसऱ्यांच्या डोक्यावर पेटे चढवले. त्याच्या डोक्यावर कुणी चढवला नव्हता. त्या दिवशी स्टेजवर कंपनीच्या एम.डी.नं स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावर पेटा ठेवला. शाल, करंडी, विडा. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात समोर कागद. लाईट, फोटो, टाळ्या. सही!

"मास्तर, वाचलंत का?" मी नंतर कपाळावर हात मारून विचारलं.

"सत्काराच्या टायमाला वाचत बसायचं? मर्यादा हाय का न्हाई? करंडीत फळं कुठली हायत ते तरी कोण मोजून घेतं का स्टेजवर?"

*

कागदात होतं ते असं: तुरा कंपनीचा, गाठ कंपनीची, आणि मास्तरांनी तसा किंवा त्यासारखा पेटा कुणासाठीही, कुठल्याही कारणासाठी बांधायचा नाही. विकायला नाही, भेट द्यायला नाही. वाद झाला तर बेंगळुरूला, कंपनी नेमेल त्या पंचापुढे. भांडण ज्याच्याशी, पंच त्याचाच! असली कलमं कोर्टात टिकत नाहीत, पण म्हाताऱ्या माणसाला धाक घालायला पुरतात. ज्यांनी लिहिली त्यांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणूनच लिहितात, मेले.

मी कंपनीच्या वकिलाला बोलावलं. आपटे नावाचा तरुण, मूळचा पुण्याचा. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, तुमचं मराठी किती गोड आहे हो! जरा कानडी हेल आहे, नाही?"

"तुमच्या कराराला कसला हेल आहे तो आधी बघू," मी म्हटलं.

मग मी देवाच्या पेट्याचं सांगितलं. आपटेनं मान हलवली, फार समजूतदारपणे. "न वाचता सही करणाऱ्याला कायदा मदत करत नाही, मॅडम. पण आम्ही भावना समजतो. देवासाठी कॉम्प्लिमेंटरी लायसन्स देऊ. वर्षाला एक पेटा. फक्त गाभाऱ्याबाहेर कंपनीचा एक छोटासा बोर्ड, आणि देवस्थानाची सही."

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यात बसलेले मास्तरच उठले. "देवस्थान कोण? मालक आत उभा हाय. दोन्ही हात कमरेवर. सही कशानं करंल?"

नागराज तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला. आपटेनं मात्र ते वहीत लिहून घेतलं!

*

मी म्हटलं, मास्तर, सरळ कोर्टात जाऊ. हा करार मी फाडून दाखवते.

"न्हाई अक्का. विडा घेतलाय त्यांच्या हातनं."

"अहो, त्यांनी फसवलंय तुम्हाला!"

"त्यांनी फसवलं ते त्यांचं. विडा मी घेतला ते माझं. अष्टे." अष्टे म्हणजे बस, एवढंच. मास्तरांनी अष्टे म्हटलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

मला असा संताप आला! समोरच्या माणसानं शंभर कलमांत लबाडी करायची आणि आमच्या माणसानं एका पानसुपारीला जागायचं! मास्तरांनी दुकानातलं पेट्यांचं कापड गुंडाळून ठेवलं आणि फॉल-बिडिंग, पँटींची उंची कमी करणं असली कामं घेऊन बसले.

आणि कंपनीला या माणसाचा भरवसा नव्हता. त्यांनी काय केलं, सांगू?

एके दिवशी मास्तर एका टाय घातलेल्या पोराचं बकोट धरून माझ्या ऑफिसात आले. "अक्का, ह्याचं लग्न न्हाई!"

पोरगा घामाघूम. दुकानात येऊन हळूच म्हणत होता, पुढच्या आठवड्यात लग्न आहे, गुपचूप एक पेटा बांधून द्या, कुणाला सांगत नाही.

"लग्न नाही हे कशावरून?" मी विचारलं.

"नवरा कधी एकटा येतो का पेटा बघायला? आई येती, मामा येतो, आत्या येती. बायका रंगावरून भांडतात. नवरा कोपऱ्यात उभा ऱ्हातो. त्याला कोण विचारतंय! आणि हा सुम्ने, उगाच, एकटाच येऊन रंग सांगतोय!"

पोरगा रडकुंडीला येऊन कबूल झाला. कंपनीच्या सेल्समध्ये होता. मास्तर मोह आवरतात की नाही ते बघायला पाठवलेला. मी फोन उचलून आपटेला असं झापलं की खालची मशिनं थांबली.

इतक्यात मास्तरांच्या बायको, शारदाबाई, धापा टाकत जिना चढून आल्या. त्यांनी पोराला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"खरंच लग्न झालं न्हाई का ह्याचं? अय्यो, मग सोडा की त्याला. आमच्या भाचीचं बघायलेत."

*

हसलात ना? मीपण हसले होते. मग उत्सव आला.

आमचं मंदिर लहान. टाळ, मृदंग, तुळशीचा वास, सगळं नेहमीसारखं. पडदा सरकला आणि टाळ थांबले. विठ्ठलाच्या डोक्यावर पेटा नव्हता. आमच्यातल्या कुणीही उत्सवाच्या दिवशी देवाला तसा बघितला नव्हता. पुजाऱ्यांनी दुसऱ्या कुणाकडून बांधून घेऊ म्हटलं होतं, पण मान मास्तरांचा, दुसरा कोण पुढे होणार?

मास्तर खांबापाशी उभे होते. लोक त्यांच्याकडे बघत होते आणि ते फरशीकडे. एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "देवाचं डोकं विकून आला!" हे त्या माणसाला, ज्यानं दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून धंदा गुंडाळला!

घरी गेल्यावर शारदाबाईंनी काचेच्या कपाटातला तो सत्काराचा पेटा काढला आणि माळ्यावर टाकला. "त्याच्या डोक्यावर न्हाई तर तुमच्याबी नको." नंतर कितीतरी दिवस त्या नवऱ्याशी बोलत नव्हत्या. मास्तरांचा तो आरडाओरडासुद्धा गेला. गिऱ्हाईक नाक मुरडून जायचं आणि ते गप्प बसायचे. ते बघून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला जास्तच राग येतो.

मी एक साधा कागद तयार केला. डबाबंद पेटा कंपनीनं खुशाल विकावा, पण मास्तरांनी स्वतःच्या हातानं, माणसाच्या किंवा देवाच्या, कुठल्याही डोक्यावर पेटा बांधायला कंपनीची हरकत नाही. बस. दोघांच्या सह्या. मास्तरांचा विडाही मोडत नाही, कारण कंपनीच मोकळं करते आहे. आपटेकडे पाठवला.

"एम.डी. बिझी आहेत, मॅडम."

पावसाळा गेला, दसरा गेला. एम.डी. बिझी! पुढचा उत्सव तोंडावर आला तरी एम.डी. बिझीच.

*

आणि मग ते म्हैसूरला आले. कशाला? सत्काराला!

इथल्या एका संघानं त्यांचा सत्कार ठेवला होता, आणि कशाबद्दल, तर पेट्याची परंपरा जतन केल्याबद्दल! निमंत्रण वाचून मी ते टेबलावर आपटलं. नागराज म्हणाला, "मॅडम, फाडू नका. आत जायला लागेल."

मास्तरांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, परंपरेचा नमुना म्हणून. त्यांच्या एका बाजूला शारदाबाई, दुसऱ्या बाजूला मी, पर्समध्ये तो कागद घालून. आमच्या मागे आपटे. त्यानं वाकून विचारलं, "कशा आहात मॅडम?" मी पर्सची चेन लावून घेतली.

भाषणं झाली. एम.डी. फार छान बोलले. मातीबद्दल, मुळांबद्दल, कारागिरांच्या हातांबद्दल. मी दात खात ऐकलं. मग अध्यक्षांनी कंपनीचा डबा उघडला, त्यातला पेटा काढला, फ्री साइज, आणि एम.डी.च्या डोक्यावर ठेवला.

तो थेट नाकावर आला.

अध्यक्षांनी वर केला. परत नाकावर. मागे सरकवला तर मागे पडायला लागला. फोटोग्राफर थांबले. हॉलमध्ये आधी एक पोरगी हसली, मग सगळे. एम.डी. एका हातानं पेटा धरून, दुसऱ्या हातात फळांची करंडी, असे उभे. अध्यक्षांनी घाईघाईनं त्याची जरी ओढली, तर सगळं भेंडोळं एम.डी.च्या गळ्यात आलं!

सूत्रसंचालक बाईंना एकदम आठवलं. माइकवरून म्हणाल्या, "पांडुमास्तर, स्वल्प बन्नी!" म्हणजे जरा या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मास्तर! मास्तर!"

मास्तर उठले. सावकाश स्टेजवर गेले. एम.डी.च्या गळ्यातलं रेशीम बोटांनी नुसतं चाचपलं, आणि हात जोडले.

"मला बांधता येत न्हाई, साहेब. तुमचीच मनाई हाय."

माइक चालू होता. सगळा हॉल ऐकत होता. एम.डी. कसनुसं हसत म्हणाले, "अहो, असं काय करता! मी सांगतो ना, बांधा."

"तोंडी न्हाई चालत. विडा घेऊन सही केलीय मी. लेखी पाहिजे."

मी तोपर्यंत स्टेजच्या पायऱ्या चढले होते. आयुष्यात एवढ्या चपळाईनं मी कधी कोर्टातसुद्धा उठलेली नाही. कागद पुढे केला. मास्तरांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि खाली भर्रकन सही ठोकली. मग एम.डी.समोर धरला. लाईट, फोटो, टाळ्या!

"सर! सर, वाचा तरी!" मागच्या रांगेतून आपटे खुर्च्या ढकलत, लोकांच्या पायांवर पाय देत येत होता. "सर, न वाचता सही करू नका!"

एम.डी.नं करंडी अध्यक्षांच्या हातात दिली आणि सही केली. साक्षीदार म्हणून करंडी सांभाळत अध्यक्षांनीही केली.

मग मास्तरांनी बांधायला घेतलं. उजव्या कानावर तुरा उभा राहिला, आतली गाठ बसली, आणि मास्तर एम.डी.वर खेकसले, "मान ताठ ठेवा! हलू नका!" पहिल्या रांगेत शारदाबाईंनी पदर तोंडाला लावला. तो आवाज त्यांनी वर्षभर ऐकला नव्हता.

टाळ्या संपेनात. मास्तर पायऱ्या उतरून माझ्या शेजारी येऊन बसले, घाम पुसला आणि माझ्या कानाशी वाकून हळूच विचारलं,

"अक्का, त्यात लिवलं काय होतंस?"